बोळाची लांबी

१

मामांच्या घरी आले तोवर मला वाटायचं, चालणं ही काही शिकायची गोष्ट नाही. पहिल्याच सकाळी मामांनी मला बोळात नेलं आणि म्हणाले, "आता मागे मागे चालत जा. तोंड माझ्याकडे ठेवून."

मामा दोर वळायचे. घराच्या मागे एक लांबच लांब, अरुंद शेड होती. पीळ पडला की दोर आखडतो, म्हणून दोरापेक्षा जागा बरीच लांब लागते. त्या शेडला सगळे बोळ म्हणत. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती होत्या आणि वर कौलं. कौलांमध्ये ठरावीक अंतरावर एकेक काच बसवलेली. काचांखाली जमिनीवर उन्हाचे चौकोन पडत आणि दोन चौकोनांच्या मध्ये काळोख असे. शेवटची काच तडकलेली होती, त्यामुळे शेवटच्या चौकोनात एक वाकडी काळी रेघ दिसायची. ती रेघ ओलांडली की भिंत. चुना दिलेली, बिनदाराची, बिनखिडकीची.

काम असं होतं. मामी खिळ्यांच्या फणीवर वाख विंचरून द्यायची. वाख म्हणजे सालीचे लांब, केसांसारखे तंतू. तो कमरेभोवती गुंडाळायचा आणि त्याची एक बट चाकाच्या आकड्याला अडकवायची. मामांनी चाक फिरवलं की बटेला पीळ चढतो. मग एकेक पाऊल मागे जायचं आणि ओल्या फडक्यात धरलेल्या बोटांमधून वाख सोडत राहायचा. जेवढं चालू तेवढा पेड. असे तीन पेड एकत्र वळले की दोर होतो.

"आणि वळून बघायचं नाही," मामा म्हणाले. "मान वळली की बोटं सैल पडतात. तिथे पेड बारीक होतो. बारीक जागी दोर तुटतो, आणि आपल्या दोराला माणसं लटकतात."

"पण भिंत आली हे कळणार कसं?"

"पाठीला कळतं."

दारात बसलेली मामी हसली. "आणि पाठीला नाही कळलं तर टाळक्याला कळतं. टेंगूळ आलं की समजायचं, पोचलो."

मीही हसले. मला त्या घरात राहायचं होतं. आई-बाबा गेल्यानंतर मामांनी मला आणलं ते एका अटीवर. हंगाम संपेपर्यंत हात बसला तर ठीक, नाहीतर अनाथाश्रमात जागा बघून ठेवलेली होती. हे त्यांनी रागावून सांगितलं नाही. आज वारा आहे, खिडकी लावून घे, अशा आवाजात सांगितलं. मामीने मात्र त्याच दिवशी कपाटातला एक कप्पा रिकामा केला आणि म्हणाली, "हा तुझा. यात माझा हात जायचा नाही." माझ्या नावाचा कप्पा मला तोवर कुणीच दिला नव्हता.

२

हात लवकर बसला. पाठीलाही खरंच कळायला लागलं. भिंत जवळ आली की आपल्याच पावलांचा आवाज मागून परत येतो आणि मानेवर किंचित गारवा जाणवतो. मी दोन पावलं अलीकडे थांबायचे, पेड दोनदा ओढायचे, आणि लांब दाराशी बसलेले मामा चाक थांबवायचे.

"आईपेक्षा चांगली चालते पोर," मामा एकदा मामीला म्हणाले.

आई इथे काम करत होती हे मला तेव्हा कळलं. आईने कधी सांगितलं नव्हतं. मला एवढंच आठवत होतं, की ती कुठेही गेली तरी भिंतीला पाठ लावून बसायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कडेची जागा धरायची.

"आईने का सोडलं हे काम?" मी विचारलं.

"तिला वळून बघायची खोड होती," मामा म्हणाले. मामीने फणीवरचा वाख इतक्या जोरात ओढला, की तिच्या बोटाला खिळा लागला.

मग एक दिवस विहिरी उपसणारा माणूस आला. त्याला सगळे बेडूक म्हणत आणि तो स्वतःही तेच नाव सांगे.

"दोरवाले, माझा जीव मोठा करून द्या," तो म्हणाला. "नवी विहीर खोल आहे. तुमचा नेहमीचा दोर अर्ध्यात संपतो. मी काय लोंबकळत पाण्याशी गप्पा मारू?"

"दोन दोर सांधून देतो."

"सांधा नको. सांध्यावर एकदा लटकलोय. वरून वहिनी जेवायला हाक मारतायत असा भास झाला."

"माझ्या हाकेला तुम्ही जिवंतपणीच येता की, न बोलावता," मामी म्हणाली.

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "एवढा दोर या बोळात होत नाही. जागाच नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या पायांकडे. बराच वेळ ते पायांकडेच बघत होते.

"पण होईल," ते म्हणाले.

मामी उठून आत गेली. चहा तिने कुणालाच विचारला नाही.

३

पहिल्या पेडाच्या दिवशी सकाळचं स्वच्छ ऊन होतं. मामांनी मला एकच गोष्ट सांगितली, "भिंत आली असं वाटलं तरी लगेच थांबू नकोस. मी चाक थांबवीन तेव्हा थांब."

"आपटेन की."

"नाही आपटणार."

मी चालू लागले. पायाखाली उजेड, मग काळोख, मग पुन्हा उजेड. चाक चिरचिरत होतं. मामा लहान होत गेले. वाकडी रेघ असलेला चौकोन माझ्या पायांखालून पुढे सरकला आणि मी नकळत पाठ आकसून घेतली. आता भिंत.

भिंत आली नाही.

मी आणखी एक पाऊल मागे टाकलं, मग आणखी एक. पावलांचा आवाज परत येईना. तो मागे कुठेतरी जात होता आणि जातच होता. मला वाटलं, मी घाबरून लहान पावलं टाकतेय, म्हणून जागा पुरते आहे. स्वतःला असं समजावत असतानाच माझ्या टाचांवर उजेड पडला.

शेवटच्या काचेनंतर काच नव्हती. हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी एका उजेडाच्या चौकोनात उभी होते, आणि तो उजेड सकाळचा नव्हता. तिरपा, पिवळा, दिवस कलताना पडतो तसा. पुढे, मामांच्या बाजूचे सगळे चौकोन पांढरेशुभ्र होते.

त्याच वेळी चाक थांबलं. मी पेडाचं टोक गाठ मारून कमरेत खोचलं आणि पेड हातातून सरकवत जमिनीकडे बघत परत आले. वर बघायचा धीर झाला नाही.

मामी कमरेचा वाख सोडवायला पुढे आली आणि तिचा हात थांबला. वाख निम्मा शिल्लक होता. जेवढा पेड वळला जातो तेवढा वाख संपलाच पाहिजे. यात जादू नसते, लबाडीही चालत नाही. पेड नेहमीपेक्षा लांब होता आणि कमरेचा वाख निम्मा तसाच.

"बारीक वळलास का गं?" मामीने विचारलं. तिने पेड दोन बोटांत धरून पाहिला. तो बारीक नव्हता. एकसारखा, घट्ट होता.

"चांगला झालाय," मामा म्हणाले. "जेवायला चला."

४

दुपारी मामा झोपले तेव्हा मी बोळात गेले. या वेळी सरळ, समोर बघत. तडकलेल्या काचेखालचा चौकोन आला. त्याच्यापुढे थोडा काळोख आणि मग भिंत. मी तिला हात लावला, थापा मारल्या. भरीव होती. हाताला चुना लागला. वर कौलंच होती, काच नव्हती. मग मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, आईसारखी, आणि दाराकडे बघितलं. सगळं नेहमीसारखं होतं.

मी मनाशी कारणं मांडली. घाबरून मी पावलं लहान टाकली असतील. भीतीने डोळ्यांपुढे पिवळं येतं. मामांनी वाख नेहमीपेक्षा जास्त गुंडाळला असेल. मी मोजला कुठे होता? तिन्ही कारणं चांगली होती. फक्त ती एकमेकांना धरून उभी राहत नव्हती.

परत येताना खुंटीवर ठेवलेला नवा पेड मी उजेडात नेला. बराचसा भाग आमच्या वाखाचा होता, भुरा आणि जरा राठ. टोकाकडे मात्र तंतू वेगळे होते. राखेच्या रंगाचे, मऊ, वर्षानुवर्षं वापरून झिजल्यासारखे. जिथे एक वाख संपून दुसरा सुरू झाला होता तिथे जोड सापडत नव्हता. दोन वाख असे मिसळायला दोन माणसं लागतात, आणि दोघांच्या बोटांची चाल एक असावी लागते.

"काय बघतेस?"

मामी होती. मी टोक दाखवलं. मी कमी बोलते, हे तिला माहीत होतं, म्हणून ती वाट बघत थांबली.

"असा वाख आपण आणतो का, मामी?"

"नाही," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "पाणी लागलं असेल." ती खोटं बोलताना फार भरभर बोलायची. "हे बघ, मामांपाशी हा विषय काढू नकोस. दोन पेड राहिलेत ना? तेवढे झाले की तू इथलीच. मी मामांकडून वदवून घेतलंय."

"आणि नाही झाले तर?"

मामीने माझ्या केसांतला वाखाचा एक तंतू काढला.

त्या संध्याकाळी ती दोघं स्वयंपाकघरात बोलत होती. मी पाणी प्यायला आत गेले आणि बोलणं कात्रीने कापल्यासारखं थांबलं. मामा म्हणाले, "दूध उतू जातंय." चुलीवर दूध नव्हतंच.

५

दुसऱ्या पेडाला मी मनाशी ठरवून निघाले होते, की या वेळी मामांचा चेहरा बघायचा. उलटं चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. पण समोरच्या माणसाला दिसतं. त्याच्या तोंडावर ते उमटणारच.

आजवर मला वाटायचं, मामा चाक फिरवताना माझ्याकडे बघतात. त्या दिवशी नीट पाहिलं. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून जात होती. मी थोडी डावीकडे सरकले, तरी नजर सरकली नाही. ते माझ्यामागे, कुठेतरी एका जागी बघत होते, स्टेशनावर पाहुण्याची वाट बघणारा माणूस बघतो तसं.

वाकड्या रेघेचा चौकोन गेला. भिंत आली नाही. पिवळ्या उजेडाचा चौकोन आला आणि चाक थांबलं नाही. मी मागे जात राहिले. पायाखालची जमीन आमच्या बोळातल्यासारखीच होती, पण जास्त गुळगुळीत, पायांनी घोटलेली.

मग पावलं ऐकू आली.

आधी वाटलं, माझीच. मी पाऊल टाकलं की पाऊल वाजत होतं. पण मी दमून क्षणभर थांबले तेव्हा मागे आणखी एक वाजलं. एकच. चुकून पडल्यासारखं. मग तेही थांबलं.

मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर चाक थांबलं असतं, पेड सैल पडला असता, आणि कपाटातला माझा कप्पा कुणीतरी रिकामा केला असता. एवढा सगळा हिशेब मी त्या क्षणी केला. आणि पाऊल मागे टाकलं. मागेही पाऊल पडलं. माझ्या कमरेचा वाख सुटत नव्हता. बोटांमधला पेड मात्र वाढत होता.

चाक थांबलं तेव्हा मामा करंगळीएवढे दिसत होते.

मी दाराशी पोचले तर मामा पाणी घेऊन उभे होते. मला पाणी देताना त्यांनी विचारलं, "कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार?" मी म्हणाले.

"नाही, असंच." त्यांनी मामीकडे बघितलं नाही. "एकटीला कंटाळा आला असेल, म्हणून विचारलं."

६

तिसऱ्या पेडाच्या सकाळी बेडूक दारात येऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याला विहिरीत उतरायचं होतं. "आज माझा जीव तुझ्या बोटांत आहे बरं का, ताई," तो मला म्हणाला. "शिंक आली तरी दाब." मामांनी त्याला संध्याकाळी ये म्हणून घालवून दिलं. मामी मात्र या वेळी घरात गेली नाही. चाकाशेजारी उभी राहिली.

मी निघाले. रेघेचा चौकोन गेला, पिवळा चौकोन गेला. मागची पावलं या वेळी लपत नव्हती. माझं पडलं की तिचं पडे. हो, तिचं. कारण पावलांबरोबर बांगड्यांचा बारीक आवाज येत होता, वाख सोडताना मनगट हलतं तसा, थांबून थांबून. मग मानेवर गारवा आला. भिंतीजवळ येतो तोच. पाठीला कळलं, की आता दोन पावलं उरली आहेत.

भिंतीला बांगड्या नसतात.

मी वळून बघितलं.

पिवळसर उजेडात एक पाठ होती. वाकलेली, जुन्या धुवट लुगड्यातली, मधोमध एक वेणी. तीही पाठमोरी चालत होती. माझ्यासारखीच एकेक पाऊल मागे टाकत, माझ्याकडे. तिच्या कोपरांच्या हालचालीवरून कळत होतं, की तिची बोटं वाख सोडत आहेत. तिच्यापुढे बोळ तसाच लांब गेला होता आणि तिच्याही बोळाच्या टोकाला, फार दूर, कुणीतरी चाक फिरवत होतं. तिने वळून बघितलं नाही. ती माझ्यापेक्षा चांगली शिकली होती.

मी हात सोडला.

पेड खाली पडला नाही. माझ्या छातीच्या उंचीवर तसाच ताणलेला राहिला, पीळ घेत.

मी पळत सुटले. दाराशी पोचले तेव्हा मामा अजून चाक फिरवत होते. "सोडलास?" ते म्हणाले. एवढंच. मी मामीला मिठी मारली.

"आणखी थोडा हवा होता," मामा म्हणाले. "जा पोरी. पेड धरून मागे मागे जा. समोर बघत गेलीस तर नुसती भिंत लागेल."

"ती जाणार नाही," मामी म्हणाली.

"उद्या तो माणूस विहिरीत उतरणार आहे. अर्ध्या पेडाचा दोर देऊ त्याला?"

"तुम्ही जा."

"मी?"

"तुम्हाला येतं की चालता. की दुसऱ्यांच्या लेकींनाच येतं?" मामीने मला सोडलं नाही. "आधी कामाला आणलेल्या दोघी पोरी त्या भिंतीपलीकडे गेल्या तेव्हा मी गप्प बसले. ही तुमच्या सख्ख्या बहिणीची आहे."

मामांनी चाकाची मूठ माझ्यापुढे केली. मी ती धरली. चाक क्षणभरही थांबू द्यायचं नव्हतं.

७

मामांनी कमरेला वाख गुंडाळला. ते पेड हातात धरून, माझ्याकडे तोंड करून मागे जाऊ लागले. मी एवढी वर्षं बघत आले होते, की मोठी माणसं पाठमोरी होऊन लांब जातात. माझ्याकडे बघत लांब जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

चौकोन, काळोख, चौकोन. रेघेच्या चौकोनात ते थोडे अडखळले. मग काळोखात गेले आणि मी भिंतीची वाट बघत राहिले. एवढ्यात ते पुन्हा उजेडात आले, पिवळ्या, तिरप्या. अंगठ्याएवढे.

त्यांच्यामागे ती होती. दाराशी उभं राहून सगळं दिसतं. मामांना ते कायमच दिसत आलं होतं. दोघांच्या पाठी एकमेकींकडे सरकत होत्या. त्यांनी पाऊल टाकलं की तिने टाकायचं. मला तिचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं, आणि मला तो बघायचाही नव्हता. तिच्या खांद्यांवरून मात्र मला वाटलं, की ती हसते आहे. किंवा खूप दिवसांनी घराजवळ आलेला माणूस चालतो तशी चालते आहे.

मामीने डोळे मिटून घेतले होते.

"पोरी!" मामांचा आवाज आला. इतक्या लांबून, की मध्ये पाणी असावं. "मला वळता येत नाही. तू बघ. मागे किती जागा आहे?"

मी बघितलं. दोन पाठींमध्ये हात शिरेल एवढी फट उरली होती.

"वळा" म्हणाले असते तर ते वळले असते. पळत परत आले असते. पेड अर्धा राहिला असता. आणि अर्धा पेड कुणालातरी पुरा करावाच लागतो. त्या घरात उलटं चालता येणारं आणखी कोण होतं, ते मला माहीत होतं.

"पुष्कळ जागा आहे, मामा," मी म्हणाले. माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला. "या तसेच मागे."

आणि चाक फिरवत राहिले.